हळदीच्या धंद्याची माहिती विकतच घ्यावी लागते?

सांगली-मिरजेच्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘खासगी कंपन्यांचे आकडे गुप्त असतात, छोट्या धंद्यांची माहिती कुठेच नसते, आमचा रिपोर्ट घेतल्याशिवाय बाजार कळत नाही.’ खाली रिपोर्टची भलीमोठी किंमत. मसाल्याचा धंदा काढू पाहणाऱ्या पोरांचं भांडवल यात जाऊ नये, म्हणून लिहितोय.

आकडे गुप्त नसतात. कुपवाड एमआयडीसीतली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली, तरी तिला दरवर्षी ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कंपनी निबंधकाकडे दाखल करावंच लागतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर स्थापनेची तारीख आणि भागभांडवल फुकट दिसतं; १०० रुपये भरले की दाखल कागदही बघता येतात. मार्चअखेरचे आकडे यायला दिवाळी उजाडते, एवढं धरून चाला.

छोट्या धंद्यांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. भागीदारीतल्या किंवा एकट्या मालकाच्या पेढीचा ताळेबंद असा बघायला मिळत नाही. पण हळद पावडरचं पाकीट उलटं करून बघा. १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने झाला तर नोंदणीवाला छोटा उत्पादक. शेजारचा उत्पादकाचा पत्ताही वाचा. ब्रँड एकाचा आणि दळण दुसऱ्याचं, हे तिथेच उघड होतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की लॉगिन न करता पेढीचं कायदेशीर नाव कळतं, नोंदणी कधीची, ती चालू आहे की रद्द आणि रिटर्न कधी भरली तेही कळतं. उधारीवर माल देण्याआधी एवढं बघाच.

राहिला बाजार. सांगली, निजामाबाद, इरोडची आवक आणि भाव अॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या साइटवर मिळतात. कोणत्या देशात किती हळद गेली, हे वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर ०९१०३० या कोडखाली आहे. आणि एखादी मसाला कंपनी शेअर बाजारात उतरणार असेल, तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे तिने दिलेल्या मसुदा पत्रकात उद्योगाचं अख्खं प्रकरण असतं. ते बहुतेकदा मोठ्या संशोधन संस्थेच्या रिपोर्टवरूनच घेतलेलं असतं, आणि वाचायला फुकट.

राजापुरी हळद यंदा कोण उचलतोय, पॉलिश करताना वजनात किती घट धरतात, पैसे किती दिवसांनी सुटतात, हे मात्र रिपोर्टमध्ये शोधू नका. नवी हळद फेब्रुवारीपासून यायला लागते; तेव्हा मार्केट यार्डात सौद्याला उभे राहा आणि दोन-तीन अडत्यांना वेगवेगळं विचारा.