स्प्लेंडरचा ‘चेंबर’ बदलायचा म्हणजे नेमकं काय खोलायचं?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला: ‘‘गाडीचा चेंबर फुटला? मिस्त्रीच्या नादी लागू नका बाप्पा. जुन्या बाजारातून चेंबर आणा, दहा बोल्ट खोला, अर्ध्या तासात बदला. तेही नको तर एमसील थापा. थोडं ऑइल गळलं तर वरून टाकत राहा, इंजिनला काही होत नाही.’’ पुढे ढकलणाऱ्यांत आमच्या दारव्ह्याकडची रोज गाडी चालवणारी माणसंही आहेत, म्हणून लिहितो. चेंबर म्हणजे इंजिनचं बूड, जिथं ऑइल साचतं.

दहा बोल्टांचं वर्णन कारचं आहे. कारच्या इंजिनखाली वेगळा पॅन बोल्टांनी लावलेला असतो, तो उतरवता येतो. काही मोठ्या बाइकलाही असतो. पण पांदणीत दगडावर बुड आपटणाऱ्या आपल्या स्प्लेंडरला तसा पॅनच नाही. इंजिनचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच डावं-उजवं असं दोन भागांत जोडलेलं असतं आणि त्याच्याच तळाशी ऑइल साचतं. म्हणजे ‘चेंबर’ बदलायचा तर इंजिन फ्रेममधून उतरवा, हेड-ब्लॉक काढा, क्लच काढा, मॅग्नेट काढा, मग कवच फाकवून क्रँक आणि गिअर बाहेर. अर्ध्या तासात मिस्त्रीचा चहाच होतो.

आता जुना बाजार. इंजिन नंबर ठोकलेला असतो तो याच कवचावर. दुसऱ्या गाडीचं कवच बसवलंत की गाडीवरचा नंबर एक आणि आरसीवरचा दुसरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. ते कवच चोरीच्या गाडीचं निघालं, तर ठाण्यात उत्तर तुम्हीच द्यायचं, दुकानदार नाही. नंबर घासून आपला ठोकून देणारे भेटतात. त्यांच्या तर सावलीला उभे राहू नका.

एमसीलबद्दल मी पूर्ण नाही म्हणणार नाही. रानात गाडी अडली, बारीक चीर आहे, घरापर्यंत यायचं आहे, तर लावा. पण ओल्या ऑइलवर ते धरत नाही. ऑइल पूर्ण काढा, चीर पेट्रोलनं पुसा, पॉलिश पेपरनं खरवडा, मग लावा आणि रात्रभर सुकू द्या. तरी इंजिन रोज तापतं-निवतं, त्यात ते हळूहळू सुटतं. पक्कं काम म्हणजे आर्गन वेल्डिंग, तेही कवच रिकामं करून, धुऊन. अ‍ॅल्युमिनियमनं ऑइल शोषलेलं असलं तर वेल्डला बारीक छिद्रं पडतात. आत बेरिंग आणि ऑइल सील ठेवून वेल्डिंग केलं तर तेही जातात.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: गळलं तर वरून टाकत राहा. या इंजिनात ऑइल असतं साधारण एक लिटर. तेच हेडला (इंजिनच्या डोक्याला), तेच गिअरला, तेच क्लचला. ऑइल कमी झालं म्हणून लाल दिवा लागेल, अशी सोयही जुन्या गाड्यांत नाही. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत, मागे दोन पोती लादून, हवेवर थंड होणारं इंजिन पळवायचं आणि ऑइल अंदाजानं टाकायचं! टिक्‌ टिक्‌ आवाज येईपर्यंत हेडमधलं झिजलेलं असतं.

खरं तर अनेकदा चेंबर फुटलेलाच नसतो. ड्रेन नटचे (ऑइल काढायच्या तळाच्या नटचे) आटे गेलेले असतात, वॉशर चपटलेला असतो, नाहीतर पुढच्या चेन-स्प्रॉकेटचं ऑइल सील गळतं आणि धार खाली येते. इंजिन डिझेलनं धुवा, कोरडं करा, अंगाला लावायची पावडर भुरभुरवा आणि पाच मिनिटं चालू ठेवा. पावडर जिथं आधी काळी पडेल, गळती तिथं. आटे गेले असतील तर लेथवाला नवे पाडून देतो, इंजिन न उतरवता.

मी स्वतः घेतलेल्या सेकंडहँड गाडीच्या बुडाला काळ्या रंगाखाली एमसील होतं. मला कळलं तिसऱ्या आठवड्यात, अंगणातला डाग पाहून. आता कोणी गाडी दाखवायला बोलावलं की आधी बुडाखाली हात फिरवतो. गुळगुळीत, फुगीर चकती लागली की भाव विचारत नाही.