रॅम्पनं नव्हे, नायट्रोजननं
बाँडपटांतल्या गाड्यांच्या स्टंटवरचा लेख झकास, पण 'कॅसिनो रॉयल' (२००६) मधली ॲस्टन मार्टिन रॅम्पवरून उलटली असं लिहिलंय, तेवढं दुरुस्त करा भावा. रॅम्प आधी लावून बघितला होता, फूट-दीड फुटाचा. गाडीचा गुरुत्वमध्य इतका खाली की ती उडायची आणि परत चाकांवरच यायची. मग चालकाच्या सीटमागं नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगात स्टंटमन ॲडम कर्लीनं बटण दाबलं, लोखंडी दंडगोल तळातून रस्त्यावर आदळला आणि गाडीची एक बाजू उचलली गेली. सात पलट्या, गिनीजमध्ये नोंद. आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गाड्यांचं कास्टिंग करणाऱ्यांना वजन खाली असण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) मधली एएमसी हॉर्नेट गाडी राहिलीच की! मोडक्या पुलावरून हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडं चार चाकांवर. गणित आधी संगणकावर मांडलेलं. वजन दोन्हीकडं सारखं पडावं म्हणून स्टिअरिंग आणि चालक गाडीच्या बरोबर मधोमध. वेग थोडा कमी-जास्त झाला की गिरकी अर्धवट राहणार नाहीतर जास्त होणार, म्हणजे टपावरच. पहिल्याच टेकमध्ये जमलं. नाद खुळा! एवढ्या कष्टावर मागं शिट्टीचा तो पोरकट आवाज टाकून माती केली, हे मात्र खरं. म्यूट करून बघा.

'गोल्डनआय'मध्ये बाँड ज्यावरून उडी मारतो ते धरण स्वित्झर्लंडचं, व्हेरझास्का. उंची सुमारे २२० मीटर. तेही जोडा.