शेततळ्यात टूना वाढत नाही, 'टूना बीज' बुक करू नका

बीड-जालन्याकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की टूना हा जगातला सर्वांत महाग मासा, एकेका माशाला 20 कोटी मिळतात. जपानमध्ये त्याची शेती होते. पाण्यात थोडं मीठ टाकलं की आपल्या शेततळ्यातही तो आठ महिन्यांत 10 किलोचा होतो. शेवटी बीज बुक करायला मोबाइल नंबर.

गेवराई तालुक्यातल्या माझ्या मामांनी ते बीज, म्हणजे माशाची पिल्लं, आणलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी मिठाचं बघू. टूना हा समुद्रातला मासा, आणि समुद्राच्या हजार लिटर पाण्यात सुमारे 35 किलो क्षार असतात. 30 बाय 30 मीटरच्या, 3 मीटर खोल शेततळ्यात बाजूंचा उतार धरला तर साधारण 20 लाख लिटर पाणी बसतं. म्हणजे 70 टन मीठ, दहा टनी ट्रकच्या सात खेपा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र तळ्यातच राहतं, त्यामुळे पाणी आणखी खारट होत जातं. आणि तळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद कुठं फाटला तर ते मीठ थेट आपल्याच मोसंबीच्या मुळाशी. 'थोडं मीठ' लिहिणाऱ्यानं हा हिशोब कधी केलेलाच नाही.

पण मीठ बाजूला ठेवलं तरी तळं टूनाला चालत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या श्वासात आहे. रोहू-कटला एका जागी थांबूनही कल्ले हलवून पाणी आत ओढतात. टूनाला, म्हणजे कोकणात ज्याला कुप्पा किंवा गेदर म्हणतात त्या जातकुळीतल्या माशांना, हे जमत नाही. तोंड उघडं ठेवून सतत पुढं पोहायचं, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांवरून जातं. थांबला की गुदमरला. स्किपजॅक जातीच्या टूनाला तर शरीरात हवेची पिशवीही नसते, त्यामुळे थांबला की तो खालीही जातो. अर्धा मीटर लांबीच्या माशानं सेकंदाला फक्त आपल्या अंगाएवढं अंतर कापलं, तरी दिवसाला 43 किलोमीटर होतात, म्हणजे बीडहून निघून गेवराईच्या पुढं. आपल्या तळ्यात त्याला दर मिनिटाला भिंत आडवी येणार, दिवसातून 1440 वेळा.

ज्यांचं तळं आहे त्यांनी पहाटेचं दृश्य आठवावं. ढगाळ हवा असली की पाण्यातला ऑक्सिजन पहाटेपर्यंत संपत येतो आणि मासे तोंडं वर काढून पृष्ठभागाशी मचमच करतात. आपण एअरेटर लावतो, उन्हं वर आली की मासे सावरतात. टूनाला एवढी उसंतच मिळत नाही. त्याचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं, कारण पोहण्याच्या लाल स्नायूंतली उष्णता रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात परत फिरवली जाते, कल्ल्यांतून वाया जात नाही. अशा इंजिनाला ऑक्सिजन भरपूर लागतो. ज्या पाण्यात रोहू कसाबसा तग धरतो, त्यात टूना मरतो.

आठ महिन्यांत 10 किलोचा दावाही खोटा. पिवळ्या पराचा टूना खुल्या समुद्रात, मनसोक्त शिकार करूनही, वर्षाचा झाला की साधारण तीन-चार किलोचा भरतो.

20 कोटींची गोष्ट मात्र खरी आहे, आणि म्हणूनच ती माणसाला फसवते. जानेवारी 2019 मध्ये टोकियोच्या तोयोसू बाजारात 278 किलोचा एक टूना 33 कोटी 36 लाख येनला गेला, म्हणजे आपले सुमारे 21 कोटी रुपये. पण तो होता ब्लूफिन, थंड पाण्यातही फिरणारी वेगळी जात. शिवाय तो वर्षातला पहिला लिलाव, तिथं मानासाठी आणि जाहिरातीसाठी बोली लावतात. टूनांमध्ये जगात सर्वांत जास्त पकडला जातो तो उष्ण समुद्रातला स्किपजॅक. तो वर्षभर अंडी घालतो, वर्ष-दीड वर्षात वयात येतो आणि मोठ्या जाळ्यांनी टनावारी निघून डबाबंद कारखान्यात जातो. लक्षद्वीपचे मच्छीमार हाच मासा जिवंत आमिष टाकून गळानं एकेक करून उचलतात. समुद्र ज्याला फुकट वाढवतो, त्याच्याशी आपण विकतच्या खाद्यावर काय स्पर्धा करणार?

जपानमधली शेती? आहे. पण किंदाई विद्यापीठानं ब्लूफिनवर 1970 मध्ये काम सुरू केलं आणि अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र पूर्ण व्हायला 2002 उजाडलं. पिल्लं एकमेकांना खायची, जाळ्यावर आदळून मरायची. 32 वर्षं, तीही समुद्राकाठी. पनामातल्या अचोतिनेस प्रयोगशाळेत पिवळ्या पराचा टूना 1996 पासून टाक्यांत अंडी घालतोय, पण त्या टाक्यांत समुद्राचंच पाणी असतं. भूमध्य समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात तर बहुतेक जंगली टूना पकडून समुद्रातल्याच पिंजऱ्यांत चरबीवर आणतात. एक किलो वाढीला दहा-पंधरा किलो छोटे मासे खाऊ घालून! ते खाद्य आपण गेवराईत कुठून आणणार?

मग मामांच्या पिशवीत होतं काय? ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून बोटभर पिल्लं घमेल्यात ओतली तेव्हा मी एक हातावर घेतलं. तोंडाशी चार मिशा. टूनाला मिशा नसतात. त्याच्या शेवटच्या परांमागं, पाठीवर आणि पोटाखाली, शेपटीपर्यंत करवतीच्या दातांसारखी बारीक परांची रांग असते. मामा म्हणाले, "आरं, जपानचा हे म्हणला की त्यो." ते पंगस होतं, गोड्या पाण्यातला मिशांचा मासा. आपल्याकडं कितीतरी तळ्यांत आहे तेच, फक्त भाव कैक पट.

मामांनी दुसऱ्या तळ्यासाठी ॲडव्हान्स द्यायचा थांबवलाय. विकणाऱ्याला विचारलं, "नर-मादी कुठल्या समुद्राकाठच्या हॅचरीत ठेवलेत, ते सांगा, येऊन बघतो." त्यानंतर फोन उचलला गेला नाही. तळ्यातल्या पंगसला थंडी सोसत नाही, म्हणून दिवाळीनंतर गारठा वाढायच्या आत ते काढून विकायचं ठरलंय.