'जशास तसे' नेहमी जिंकतं? हिशेब तसा नाही

द्राक्षाचा हंगाम जवळ आला की नाशिककडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: "कॉम्प्युटर स्पर्धेत सिद्ध झालंय, जशास तसे वागणारा नेहमी जिंकतो. फसवलं की लगेच फसवा, माफी नाही. व्यापारी असो की पाटाचं पाणी, नियम एकच." यातली स्पर्धा तेवढी खरी आहे.

"सिद्ध झालंय." अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांची पहिली स्पर्धा कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या 200 डावांच्या सामन्यांची होती. प्रत्येक डावात सहकार्य करायचं की दगा द्यायचा, एवढंच ठरवायचं. दोघांनी सहकार्य केलं तर 3-3, दोघांनी दगा दिला तर 1-1. एकानेच दिला तर त्याला 5, दुसऱ्याला भोपळा. अनातोल रॅपोपोर्ट यांचा 'टिट फॉर टॅट', म्हणजेच 'जशास तसे', पहिला आला: सुरुवात सहकार्याने, मग समोरच्याने मागच्या डावात केलं तेच. पण लागोपाठ दोनदा दगा झाल्यावरच उलटणारा प्रोग्रॅम त्यात उतरला असता तर तोच जिंकला असता, हे अ‍ॅक्सलरॉड यांनीच दाखवलं. दुसऱ्या स्पर्धेत तो उतरला आणि 24 वा आला! समोर कोण बसलंय त्यावर सगळं अवलंबून.

"नेहमी जिंकतो." एकाही सामन्यात तो समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. आधी दगा द्यायचा नाही हाच त्याचा नियम. मग फार तर बरोबरी. पहिला आला तो सगळ्या सामन्यांच्या बेरजेवर.

"माफी नाही." सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. बागेत काटा करून भरलेला माल वाटेत सुकतो, मणीगळ होते. व्यापारी घट धरून पैसे कापतो, बागायतदाराला वाटतं लुबाडलं. पुढच्या खुड्याला (तोडणीला) क्रेटच्या तळाशी कमी गोडीचे घड जातात. ते उघडल्यावर व्यापारी भाव पाडतो. मुळात फसवलं कोणीच नव्हतं. दोघेही काटेकोर 'जशास तसे' असतील तर अशा एका गैरसमजानंतर 5-0, 0-5 असं आलटून पालटून चालतं आणि सरासरी 3 वरून 2.5 वर येते. त्यात आणखी एक गैरसमज झाला की दोघेही 1-1 वर अडकू शकतात. नोवाक आणि सिग्मंड या संशोधकांनी 1992 मध्ये यावर उतारा मांडला: वरच्या गुणांनुसार साधारण तीनातला एक दगा सोडून द्यावा. मात्र कुठला सोडणार हे समोरच्याला कळता कामा नये. 'दर तिसरा माफ' असं ठरवलंत तर तो नेमका तिसराच साधेल.

"व्यापारी असो..." इथे मजकूर मुख्य अटच गाळतो: पुन्हा गाठ पडणार का? याच गुणांवर हिशेब केला तर पुढचा व्यवहार होण्याची शक्यता दोन तृतीयांशाखाली गेली की 'जशास तसे'समोर दगा देणंच फायद्याचं ठरतं. हंगाम संपताना परप्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यासाठी ती शक्यता शून्याकडे जाते. त्यात नेहमीची चाल अशी: आधीच्या दोन छोट्या गाड्यांचे पैसे वेळेवर, मग मोठी गाडी उधारीवर, आणि फोन बंद. बदला घ्यायला पुढचा डाव उरतच नाही. म्हणून खुडे शक्यतो सारख्या वजनाचे ठेवा, आधीच्या गाडीचे पैसे खात्यावर आल्याशिवाय पुढचा खुडा धरू नका, आणि शेवटची गाडी रोखीनेच. गावातल्या चार बागायतदारांनी व्यापाऱ्याची थकबाकी एकमेकांना सांगितली तर एकाला बुडवणं त्याला चौघांकडे महागात पडतं. हा उपाय कुठल्याही बदल्यापेक्षा भारी.

"...की पाटाचं पाणी." 'जशास तसे' दोघांच्या खेळापुरतं. चारीवर (पाटाच्या फाट्यावर) चाळीस जण असताना एकाने रात्री बारं (शेतात पाणी घ्यायचं तोंड) फोडलं म्हणून तुम्हीही फोडलंत, तर पाणी तुटतं ते शेपटाकडच्यांचं, आणि त्यांना तुम्हीच चोर दिसता. बागलाणात मोसम नदीवरच्या जुन्या फडपद्धतीत, म्हणजे सामूहिक सिंचनात, हा प्रश्न मुळातच टाळलेला: पाणी शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी देणार, ज्याने त्याने आपलं बारं उघडायचं नाही.