‘दोन दिवस उपाशी ठेवा’ हा मेसेज थांबवा

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर फिरतंय : मूल जेवत नसेल तर दोन दिवस काहीच देऊ नका, ‘भूक लागनी का आपोआप खाई’. मागच्या आठवड्यात मीही हा मेसेज पुढे पाठवला होता. चूक झाली, पोस्ट काढली आहे.

थोडं नाक मुरडणारं मूल भुकेनं खाईलही. पण खाण्याचा विकार असलेली मुलं पोटात कावळे ओरडत असले तरी तोंड उघडत नाहीत. त्यांचं वजन घटतं, अंगातलं पाणी कमी होतं. २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात (DSM-5) याची ‘ARFID’ म्हणजे खाणं टाळण्याचा विकार अशी वेगळी नोंद आहे.

माझ्या भाच्याचे उपचार मी जवळून पाहते. आधी डॉक्टरांनी गिळण्याचा त्रास, आम्लपित्त, रक्तक्षय तपासला. मग थेरपिस्टनं कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा मुगाएवढा तुकडा दिला. पहिले काही दिवस तो फक्त ओठाला लावायचा, लगेच शाबासकी आणि आवडतं केळं. थुंकला तरी रागावायचं नाही (आजीला हे फार जड गेलं!). जेवण अर्ध्या तासात आटपायचं. एकेका पदार्थाची सवय व्हायला तो दहा-पंधरा वेळाही द्यावा लागतो.

मेसेज आला तर पुढे पाठवू नका. वजन वाढत नसेल तर मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.