खोक्यावर एक, आत भलतंच

शनिवारी सकाळी दहाला ग्राफिक्स कार्डाला वॉटर ब्लॉक, म्हणजे पंख्यांऐवजी पाण्याने चिप थंड करणारा धातूचा ठोकळा, बसवायला घेतला. आता रात्रीचा दीड वाजलाय आणि कार्ड टेबलावर उघडंबोडकं पडलंय. डोकं इतकं भणभणतंय की झोप लागणं शक्यच नाही.

कार्ड आरटीएक्स ३०८०, दहा जीबीचं. दुकानातून रीतसर बिल करून घेतलेलं, पाच वर्षांची वॉरंटी, त्यातले दहा महिने अजून शिल्लक. म्हणजे होते. रेंडरिंग, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घेणं, हे माझं पोटापाण्याचं काम. हे कार्ड फुल लोडवर ३२० वॉट खातं आणि त्याचे तीन पंखे रात्रभर घोंघावत असतात. वन बीएचकेचं घर, मशीन आहे त्याच खोलीत चार वर्षांची लेक झोपते. पाण्याने खोलीतली गरमी कमी होत नाही, ती तेवढीच बाहेर पडते, ठाऊक आहे मला. मला आवाज कमी करायचा होता, बस.

पुण्यात चार दुकानं पालथी घातली, चिप, मेमरी सगळं झाकणारा, माझ्या कार्डाचा फुल-कव्हर ब्लॉक कुठेच नाही. शेवटी बाहेरून मागवला. ब्लॉकचे पैसे, वर कुरिअर, वर कस्टम ड्युटी. पैसे भरण्याआधी ब्लॉकवाल्यांच्या यादीत कार्डाचं पूर्ण नाव, मॉडेल नंबर, एकेक अक्षर लावून तीनदा ताडून पाहिलं. ‘बसतो’ असं स्वच्छ लिहिलं होतं.

मग आज कार्ड खोललं. चिपच्या मागच्या चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंपैकी एकावर ते वॉरंटीचं गोल स्टिकर. ते फोडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. चिपची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट वाळून कूलर चिकटलेला, हेअर ड्रायरने शेकून शेकून सोडवला. पंख्यांचे कनेक्टर तांदळाएवढे, नखाने हलवत काढले. दहा मेमरी चिप, त्यांची उष्णता ब्लॉकला पोचवणारे दहा मऊ पॅड, कात्रीने मापात कापून दोन्ही बाजूंची फिल्म सोलून लावले. पेस्ट लावली, ब्लॉक ठेवला, स्क्रू तिरपे-तिरपे आवळायला घेतले. एक कोपरा काही खाली बसेना. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघतो तर एक उंच कपॅसिटर ब्लॉकच्या तांब्याला सरळ टेकलाय! ब्लॉक उचलला. चिपवरची पेस्ट निम्म्यातच दबलेली, उरलेल्या अर्ध्या भागाला धातू शिवलेलासुद्धा नाही. असंच चालू केलं असतं तर कपॅसिटर शॉर्ट होऊन कार्डच गेलं असतं.

आणि मग बोर्डाच्या कोपऱ्यात, इतका वेळ कूलरखाली झाकलेला, बारीक पांढऱ्या अक्षरांतला रिव्हिजन नंबर, म्हणजे बोर्डाची आवृत्ती कितवी ते, दिसला. यादीतला बोर्ड वेगळा, माझा वेगळा. कंपनीने मधेच बोर्ड बदललाय. नाव तेच, खोकं तेच, मॉडेल नंबर तोच. सगळं मुसळ केरात.

बोर्ड बदलू नका असं कोण म्हणतंय? २०२१ मध्ये सुट्या भागांची टंचाई होती, मिळेल तो पार्ट लावावा लागत होता, समजू शकतो. त्याच वर्षी मेमध्ये क्रिप्टो मायनिंगला लगाम घालणाऱ्या एलएचआर चिप आल्या, तेव्हाही बदल झाले असतील. करा की! पण खोक्यावर एक आकडा छापा ना. काही कंपन्या कार्डाच्या स्टिकरवर रिव्हिजन छापतात, म्हणजे छापता येतं. ह्यांनी छापला नाही. तो बघायला कार्ड खोलावं लागतं, खोललं की वॉरंटी जाते, आणि वॉरंटी घालवून कळतं काय, तर ब्लॉक बसणार नाही. ब्लॉकवालेही फोडलेला माल परत घेत नाहीत. दोन्हीकडून मीच मरायचं?

त्या स्टिकरचं तर नावच काढू नका. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी संस्थेने मोटारी, मोबाइल आणि गेमिंग कन्सोल विकणाऱ्या सहा कंपन्यांना असल्या वॉरंटीच्या अटींबद्दल तंबीची पत्रं धाडली होती. ईव्हीजीए ही कार्डं विकणारी कंपनी तर ग्राहकाला स्वतः कूलर बदलू द्यायची, कार्डाला इजा झाली नाही तर वॉरंटी कायम. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. नीट वागणारी एक होती, तीही गेली.

आता जुना कूलर परत चढवायचाय, कारण सोमवारी सकाळी क्लायंटला फाइल द्यायची आहे. त्याचे मूळ पॅड काढताना फाटले, तुकडे झाले. नवे किती जाडीचे लावू? एक मिलिमीटर, दीड, दोन? जाड पडला तर चिपला कूलर टेकत नाही, पातळ पडला तर मेमरी भाजते. ह्या कार्डातली जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांला पोचली की कार्ड आपोआप वेग पाडतं, आणि सगळं रेंडर रखडतं. ही जाडी कंपनीच्या कागदांत कुठेही दिलेली नाही. मी मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

आत्ताच मेल टाकलाय त्यांना. भरपाई मागितली नाही, वॉरंटीचंही काही लिहिलं नाही. बोर्डाचा फोटो जोडलाय, रिव्हिजन नंबर लिहिलाय आणि खाली एवढंच विचारलंय: ह्या बोर्डावर मेमरीला आणि व्हीआरएमला (चिपला वीज पुरवणाऱ्या भागाला) पॅड किती मिलिमीटरचे? आकडे सांगा.