हल्ला होईपर्यंत खासगी, झाल्यावर राष्ट्रीय

मालक, आधी अभिनंदन. तुमची कंपनी आता एवढी मोठी झालीय की ती चार दिवस बंद पडली तर निम्म्या देशाची वीज, पेट्रोल नाहीतर पगार अडकेल, आणि म्हणूनच सरकारी माणसं अधूनमधून विचारायला लागलीत की बाबा, तुमच्या सर्व्हरला कडी-कुलूप काही आहे का, की नुसतंच ढकललेलं दार आहे. घाबरू नका. हा प्रश्न अंगाला लावून न घेण्याचं शास्त्र बऱ्याच थोर मंडळींनी विकसित करून ठेवलंय, आपल्याला फक्त गिरवायचंय.

सुरुवात अशी करायची की सुरक्षेला आमचा विरोध नाहीच, फक्त कायदा नको, मार्गदर्शक सूचना द्या. सूचना आली की तिची पीडीएफ होते, पीडीएफ कंप्लायन्सवाल्याच्या फोल्डरमध्ये जाते आणि विषय संपतो. कायद्याचं तसं नसतं, तिथे कोणीतरी तपासायला येतो, मग दंड, मग संचालक मंडळात तोंड दाखवायची पंचाईत. अमेरिकेत २०१२ साली असा कायदा येऊ घातला होता. व्यापारी वर्गाने बोंब मारल्यावर त्यातली सक्तीसुद्धा काढून टाकली, बघा, पाळायचं तर पाळा, पाळलंत तर सवलती देतो, इतपत तो मवाळ केला. तरी व्यापाऱ्यांची संघटना यूएस चेंबर ऑफ कॉमर्स म्हणाली नको, आणि ऑगस्टमध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४६ अशी मतं पडून तो अडकला, कारण पुढे सरकायला ६० लागत होती. आता गंमत ऐका. त्याच चेंबरच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये चिनी हॅकर शिरले होते हे जेमतेम आठ महिने आधी, डिसेंबर २०११ मध्ये पेपरात छापून आलेलं. त्यांच्या एका इमारतीतला थर्मोस्टॅट चीनमधल्या आयपी ॲड्रेसशी गप्पा मारताना सापडला होता आणि अधिकाऱ्यांच्या एका प्रिंटरने आपणहून चिनी अक्षरांची पानं छापायला सुरुवात केली होती. एवढं होऊनही माणसं तत्त्वाला चिकटून राहिली. याला म्हणतात निष्ठा. तुमचा प्रिंटर अजून तुमच्याच भाषेत छापतोय, मग तुम्ही का डगमगता?

पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भगदाड बुजवणारं ठिगळ, त्या भानगडीत तर पडूच नका. पॅच लावायचा म्हणजे सिस्टीम बंद ठेवायची, सिस्टीम बंद म्हणजे धंदा बंद, आणि ते सगळं न दिसणाऱ्या चोरासाठी. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीवाल्यांनी २०१७ मध्ये मार्चला आलेला पॅच तसाच राहू दिला, मे महिन्यात चोर आत आले आणि ७६ दिवस निवांत राहिले, कारण आतबाहेर जाणारा डेटा तपासणाऱ्या यंत्राचं सर्टिफिकेट दीड वर्षापेक्षा जास्त काळ एक्स्पायर झालेलं होतं. ते सर्टिफिकेट बदललं आणि लगेच चोर दिसले! म्हणजे बदललंच नसतं तर मनःशांती टिकली असती की नाही? जवळपास १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, पण ते लोक काही गिऱ्हाईक नव्हते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, तेव्हा तक्रार तरी कोण आणि कशाची करणार.

खापर फोडायला माणूस मात्र आधीपासून हाताशी ठेवा. इक्विफॅक्सच्या माजी प्रमुखांनी अमेरिकी संसदेसमोर एका कर्मचाऱ्याचं काम राहून गेलं असं सांगितलं. नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सोलरविंड्सच्या माजी प्रमुखांनी तर त्याहून वरची पायरी गाठली, ‘सोलरविंड्स१२३’ असा पासवर्ड उघड्यावर पडला होता त्याचं बिल थेट एका इंटर्नच्या नावावर फाडलं. (त्या पासवर्डमुळेच कंपनीवरचा मोठा हल्ला झाला असं काही सिद्ध झालेलं नाही, पण इंटर्न बिचारा कामी आला.) त्या हल्ल्यात कंपनीच्या अपडेटमधून चोरांनी बिघडवलेला कोड सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचला होता आणि त्यात अमेरिकेचं अर्थखातंही होतं. म्हणून म्हणतो, इंटर्न भरती थांबवू नका.

आता मुख्य प्रयोग, हा नीट समजून घ्या. कलोनियल पाइपलाइन, मे २०२१. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं साधारण ४५ टक्के इंधन या एका कंपनीच्या पाइपातून जातं. बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, वापरात नसलेलं एक जुनं व्हीपीएन खातं, त्याला एकच पासवर्ड, ओटीपी-बिटीपी काही नाही. पासवर्ड मात्र अवघड होता बरं का, असं सीईओंनी सिनेटमध्ये आवर्जून सांगितलं. अवघड होता, फक्त चोराकडे होता. खंडणी मागणाऱ्या व्हायरसची लागण झाली ऑफिसच्या कॉम्प्युटरांना, पण पाइपलाइन कंपनीने स्वतःच धास्तीने बंद केली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीर सांगावं लागलं की लोकहो, प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका. कंपनीने खंडणीचे ७५ बिटकॉइन मोजले, तेव्हाचे ४४ लाख डॉलर. मग एफबीआयने, म्हणजे करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या पोलिसांनी, त्यातले बहुतेक बिटकॉइन परत मिळवून दिले. बघितलंत? हल्ल्याच्या आदल्या दिवशीपर्यंत आम्ही खासगी कंपनी, आमच्या सर्व्हरमध्ये नाक खुपसू नका, आणि दुसऱ्या दिवशी हा राष्ट्रावर हल्ला आहे, कुठाय सरकार? नफा आपला, पासवर्ड आपला, हल्ला मात्र देशावरचा. हे जमलं की सगळं जमलं.

आणि सरकारही काही कमी सोयीचं नसतं हो. पाइपलाइनच्या सुरक्षेचं खातं तिथे कोणाकडे होतं, तर २०२५ पर्यंत विमानतळावर तुमचे बूट काढायला लावणाऱ्या टीएसएकडे, आणि त्या शाखेत २०१४ साली माणूस होता एक. एकच. लाखो मैल पाइप आणि एक माणूस, तो सुट्टीवर गेला की देशाचं धोरणच सुट्टीवर. हल्ला झाल्यावर मग वरातीमागून घोडं आलं, हल्ला झाला की १२ तासांत कळवा, चोवीस तास फोन उचलणारा माणूस नेमा. तेव्हा कोणी सरकारी माणूस फारच नियम-नियम करायला लागला तर त्याला विचारा, तुमच्याच कार्मिक खात्यातून २ कोटी १५ लाख लोकांच्या फायली गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं, त्याचं काय? वॉनाक्राय आणि नॉटपेट्या हे जगभर धुमाकूळ घालणारे व्हायरस ज्या हत्याराने पसरले ते तुमच्याच हेरखात्याच्या, एनएसएच्या, कपाटातून गेलं होतं ना? बोलती बंद होते. तुमचा सर्व्हर तसाच उघडा राहतो, पण बोलती बंद होते.

इन्शुरन्सचं एक पथ्य पाळा. सरकारसमोर हात जोडून म्हणायचं की साहेब, परक्या देशाचं सैन्य अंगावर आलं, आम्ही गरीब कंपनी काय करणार. पण हेच वाक्य इन्शुरन्सवाल्याच्या कानावर जाऊ देऊ नका, तो लगेच पॉलिसीतलं ‘युद्धात भरपाई नाही’ हे कलम काढतो. नॉटपेट्यानंतर मर्क या औषध कंपनीच्या सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या दाव्यावर विमेवाल्यांनी हेच केलं, कंपनीला कोर्टात भांडावं लागलं, तेव्हा कुठे हे कलम इथे लागू नाही असा निकाल मिळाला. म्हणून दोन वेगळे ड्राफ्ट ठेवा आणि ईमेल पाठवताना पत्ता दोनदा बघा.

राहता राहिला हल्ला झाल्याचं सरकारला कळवण्याचा त्रास. युरोपात ७२ तास, भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे ६ तास, सगळीकडे घाई. दाबून टाकायचा मोह होईल, पण उबरच्या सुरक्षा प्रमुखांनी २०१६ ची डेटाचोरी ‘त्रुटी शोधल्याचं बक्षीस’ या नावाखाली १ लाख डॉलर देऊन मिटवली आणि पुढे कोर्टात दोषी ठरले, तेव्हा सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. आणि चोरांवर फार विसंबू नका, हल्ली त्यांनाही कायदा पाठ असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका खंडणीखोर टोळीने मेरिडियनलिंक नावाच्या कंपनीत घुसखोरी केली आणि मग स्वतःच अमेरिकेच्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या एसईसीकडे रीतसर तक्रार ठोकली की या कंपनीने आमचा हल्ला कामकाजाच्या चार दिवसांत जाहीर केला नाही, नियम मोडला. नियम तेव्हा लागूही झाला नव्हता, यायला महिना होता, म्हणजे नियमाची एवढी आतुरतेने वाट बघणारे अख्ख्या उद्योगजगतात तेच निघाले. त्यामुळे खंडणीची बोलणी कराल तेव्हा वकिलाकडून एक अट आधीच घालून घ्या, पैसे पोचल्यावर वर तक्रार करायची नाही. आणि पावती मागायला लाजू नका, ऑडिटला लागते.